पहिल्या वर्षाचे रिटर्न

आयटीआर-२ या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो. पुण्या-मुंबईची माणसे तो नीट वाचतही नाहीत. ‘नाही’वर खूण करून पुढे सरकतात. प्रश्न असा : तुम्हाला पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे का? गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या लग्न झालेल्या माणसाचे बोट मात्र इथे थांबायला हवे, कारण त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘होय’ असते. ‘होय’ म्हटले की फॉर्मला आणखी एक पान फुटते, शेड्यूल ५ए. तिथे जोडीदाराचे नाव, पॅन आणि आधार क्रमांक लिहायचा आणि घरभाडे, धंदा, भांडवली नफा, व्याज-लाभांश अशा प्रत्येक प्रकारच्या उत्पन्नातला निम्मा वाटा जोडीदाराच्या बाजूला मांडायचा.

गोव्यातून परदेशी जाऊन पहिल्यांदाच रिटर्न भरायला बसलेल्या माणसासाठी हे प्रकरण लिहितो आहे. त्याच्यापुढे दोन देशांची दोन रिटर्न असतात, दोन वेगळी आर्थिक वर्षे असतात आणि मोबाइलवर ‘काही मिनिटांत रिटर्न भरा’ म्हणणाऱ्या जाहिराती असतात. तो विचारतो, यातले स्वस्त कोणते आणि सोपे कोणते? माझे सांगणे असे की हे दोन्ही प्रश्न नंतर विचारावेत. आधी ते सॉफ्टवेअर तुम्हाला काय काय विचारते, ते बघावे. कुठलेही कर-सॉफ्टवेअर म्हणजे एक प्रश्नावली असते आणि ती त्या त्या देशातला नेहमीचा रहिवासी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. नवा आलेला माणूस, अर्धे वर्ष इथे आणि अर्धे तिथे राहिलेला माणूस, गावाकडे घर आणि भाडेकरू असलेला माणूस त्या प्रश्नावलीत असेलच असे नाही. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर कोणी देत नाही, आणि तरीही शेवटी पडद्यावर हिरवी खूण उमटते : तुमचे रिटर्न दाखल झाले. ही हिरवी खूण मला लाल खुणेपेक्षा जास्त धोक्याची वाटते.

शेड्यूल ५ए हे पान कुठून आले ते आधी सांगायला हवे, कारण गोमंतकीयांनी एकदा जागचे न हलता देश बदलला आहे. पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला. डिचोली त्याआधी काही वर्षे. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. तिच्यातला एक नियम असा की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक. दोघांचा तिच्यात अर्धा-अर्धा हक्क. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या प्रशासन कायद्याने, बदलेपर्यंत जुने कायदे चालू ठेवले आणि ही संहिताही टिकली. मग १ एप्रिल १९६३ पासून भारताचा आयकर कायदा गोव्यात आला. हा कायदा माणसे एकेक करून मोजतो. संहिता म्हणते की उत्पन्न देणारी बागायत, दुकान, घर दोघांचे आहे. मग कर कोणाच्या नावावर लावायचा?

हा वाद पुढची तीस वर्षे चालला. नवरा-बायको मिळून ‘व्यक्तींचा समूह’ म्हणून एकच करदाता धरावा, की दोघांना आपापल्या अर्ध्या वाट्यावर वेगळा कर लावावा, यावर न्यायालयांतून उलटसुलट निकाल आले. अखेर १९९४ च्या वित्त अधिनियमाने कायद्यात कलम ५ए घातले आणि ते मागे नेऊन १ एप्रिल १९६३ पासून लागू केले. कलम सांगते, पगार ज्याचा त्याच्याच नावावर. बाकीचे समाईक उत्पन्न दोघांत समान वाटायचे. गोव्याबरोबर दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीतल्या ज्यांना ही समाईक संपत्तीची पद्धत लागू आहे, त्यांनाही ते लागू होते. (मूळ कलमात संहितेचे वर्ष १८६० असे छापले आहे. संहिता १८६७ चीच आहे. ते वाचून गोंधळू नये.) १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद कायम आहे. खुद्द पोर्तुगालने मात्र ती जुनी संहिता सोडली. तिथे १ जून १९६७ पासून नवी संहिता आली आणि वेगळा करार नसेल तर लग्नानंतर कमावलेलीच मालमत्ता समाईक धरली जाऊ लागली. लिस्बनमध्ये जे उरले नाही ते पेडण्यात चालू आहे.

या इतिहासाचा सॉफ्टवेअरशी संबंध असा. ज्याचे उत्पन्न कलम ५ए प्रमाणे वाटायचे आहे, त्याला आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे दोन सोपे फॉर्म चालत नाहीत. त्याला आयटीआर-२ किंवा, धंदा असेल तर, आयटीआर-३ भरावा लागतो. आणि फुकटात किंवा थोडक्या पैशांत रिटर्न भरून देणाऱ्या सेवांचा भर साहजिकच सोप्या फॉर्मवर असतो. डिचोलीतल्या ट्रकमालकाचे बघा. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्याला हिशेबाच्या वह्या न ठेवता, गाडीमागे ठरावीक उत्पन्न धरून कर भरण्याची सोय कायद्यात आहे, आणि देशभरातले छोटे ट्रकमालक त्यासाठी आयटीआर-४ भरतात. गोव्यातल्या विवाहित ट्रकमालकाला सोय तीच मिळते, फॉर्म मात्र आयटीआर-३ लागतो. ‘तुमच्यासाठी योग्य फॉर्म आम्ही निवडतो’ म्हणणारे सॉफ्टवेअर लग्न गोव्याच्या कायद्याखाली झाले का, हे विचारत नसेल तर चुकीचा फॉर्म निवडणार. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर डिचोली-सत्तरीतल्या ट्रकवाल्यांचा धंदा बसला. त्यानंतर ज्यांनी परदेशी नोकरी धरली, त्यांच्या नावावर इथे एखादी गाडी किंवा भाड्याची खोली अजून असेल, तर हा प्रश्न परदेशातही त्यांच्या मागे येतो. देश सोडल्याने लग्नाची संपत्ती-पद्धत बदलत नाही.

तारखेतही असाच फरक पडतो. भागीदारी संस्थेचे ऑडिट व्हायचे असेल तर भागीदाराला रिटर्नसाठी ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत असते. कलम ५ए लागू असेल तर त्याच्या जोडीदारालाही तीच मुदत मिळते, कारण अर्धा आकडा तिकडून यायचा असतो. ही जुळणी माहीत नसलेले सॉफ्टवेअर जोडीदाराला जुलैअखेरची तारीख दाखवून घाबरवते.

आता आकडे मांडतो. उदाहरण केवळ हिशेबासाठी आहे. हरमलजवळ एका जोडप्याची समाईक इमारत आहे, महिन्याला १ लाख रुपये भाडे. नवरा इंग्लंडात नोकरीला गेला आणि भारताच्या दृष्टीने अनिवासी झाला. बायको पेडण्यात आहे, तिला दुसरे उत्पन्न नाही. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर. अनिवासी मालकाला भाडे देणाऱ्या भाडेकरूने कर कापून घ्यायचा असतो, ३० टक्के आणि वर उपकर धरून ३१.२ टक्के. म्हणजे १२ लाखांवर ३,७४,४०० रुपये कापले गेले आणि ते सगळे नवऱ्याच्या पॅनवर जमा दिसतात. घरपट्टी सोडून देऊ. भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट गेली की करपात्र उरतात ८,४०,००० रुपये.

कलम ५ए न विचारणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे नवऱ्याच्या नावावर बसते. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, उरलेल्या ४० हजारांवर १० टक्के; उपकरासह २४,९६० रुपये. कलम ५ए प्रमाणे वाटणी केली तर दोघांच्या वाट्याला ४,२०,००० येतात. नवऱ्याला २० हजारांवर ५ टक्के, म्हणजे उपकरासह १,०४० रुपये. बायको निवासी असल्याने तिला कलम ८७ए ची सवलत मिळते आणि तिचा कर शून्यावर येतो; ही सवलत अनिवासी नवऱ्याला नाही. एकूण फरक २३,९२० रुपयांचा.

त्याहून मोठी गोष्ट कापलेल्या कराची आहे. ३,७४,४०० पैकी निम्मे, १,८७,२०० रुपये, बायकोच्या रिटर्नमध्ये मागायचे आहेत. त्यासाठी टीडीएसच्या, म्हणजे कापलेल्या कराच्या, तक्त्यात एक निवड असते : हा कर माझ्या नावे कापला, की कलम ५ए प्रमाणे जोडीदाराच्या नावे? तिथे जोडीदार निवडून नवऱ्याचा पॅन द्यायचा. नवऱ्यानेही आपल्या बाजूला निम्मीच रक्कम घ्यायची. एकाने एका सॉफ्टवेअरवर आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर भरले आणि निम्म्याचा आकडा रुपयानेही जुळला नाही, तर खुलासा मागणारी नोटीस येऊ शकते. म्हणून माझे ठाम मत असे की गोव्याच्या जोडप्याने भारतातली दोन्ही रिटर्न एकाच साधनावर, एकाच दिवशी, शेजारी शेजारी ठेवून भरावीत. आयकर खात्याच्या पोर्टलवरची सोय आणि त्यांची ऑफलाइन युटिलिटी दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींत शेड्यूल ५ए आहे. खासगी सेवेला पैसे द्यायचेच असतील तर आधी त्यांच्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्याचा प्रश्न शोधा. सापडला नाही तर ती सेवा तुमच्यासाठी नाही, मग ती कितीही नावाजलेली असो.

हे झाले मागे राहिलेल्या देशाचे. आता ज्या देशात पोचलात तिथले.

पेडणे-डिचोलीतली बरीच मंडळी, बार्देस-सासष्टीसारखीच, पोर्तुगीज कागदांच्या वाटेने युरोपात गेली. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुला-नातवंडांची नोंद लिस्बनला करून नागरिकत्व घ्यायचे आणि मग, ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत, सरळ इंग्लंड गाठायचे. स्विंडन, साउथॉल, हाउन्सलो ही नावे आज गोव्यातल्या घराघरांत माहीत आहेत. या वाटेने एक गैरसमजही सोबत आणला : पासपोर्ट पोर्तुगीज, म्हणून कर पोर्तुगालला. तसे नाही. कर सामान्यतः तुम्ही राहता कुठे यावर ठरतो. स्विंडनला राहणारा पोर्तुगीज नागरिक ब्रिटनचा करदाता असतो. केवळ नागरिकत्वावरून कर मागणारा मोठा देश म्हणजे अमेरिका. पोर्तुगालला खरोखरच राहायला गेलात, तर तिथल्या करखात्याच्या पोर्टलवर १ एप्रिल ते ३० जून या काळात फुकट रिटर्न भरता येते. नवरा-बायकोने एकत्र भरायचे की वेगळे, हेही तिथे निवडता येते. अडचण एकच, सगळे पोर्तुगीज भाषेत. घरात ती भाषा वाचणारे कोणी वडीलधारे उरले असतील तर त्यांना शेजारी बसवा.

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या बहुतेकांना रिटर्न भरावेच लागत नाही, कारण पगारातून मालकच कर कापून भरतो. गोव्यातल्या माणसाला ते भरावे लागते ते बहुधा गावाकडच्या भाड्यामुळे किंवा व्याजामुळे, कारण ब्रिटनचा रहिवासी जगभरच्या उत्पन्नावर तिथे जबाबदार असतो. त्यांचे वर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपते. १७५२ साली त्यांनी पंचांग बदलताना अकरा दिवस गाळले, त्याची ही खूण आजवर राहिली आहे. भारताचे वर्ष ३१ मार्चला संपते. म्हणजे भाड्याचे आकडे भारताच्या रिटर्नमधून उचलून तिथे जसेच्या तसे डकवता येत नाहीत, आणि भारतातली ३० टक्के सरसकट वजावटही तिथे चालत नाही. वर्ष संपल्यावर ५ ऑक्टोबरपर्यंत नाव नोंदवायचे, १० आकडी करदाता क्रमांक मिळवायचा आणि ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन रिटर्न द्यायचे. उशीर झाला तर कर शून्य असला तरी १०० पौंड दंड.

ब्रिटिश करखात्याची स्वतःची ऑनलाइन सोय फुकट आणि चांगली आहे. परदेशी उत्पन्नाची पुरवणी तिच्यात भरता येते. पण निवासाची पुरवणी, जिला एसए-१०९ म्हणतात, तिच्यात नाही. आणि नवख्या माणसाला पहिल्या वर्षी नेमकी हीच लागण्याची शक्यता असते. कारण वर्षाच्या मध्ये देशात आलेल्याला ते वर्ष दोन तुकड्यांत मांडून, येण्याआधीच्या भागातले परदेशी उत्पन्न ब्रिटनच्या करातून बाहेर ठेवता येते, आणि ते सांगायची जागा म्हणजे ही पुरवणी. ज्याला हे माहीत नाही तो फुकटच्या सोयीत रिटर्न भरून मोकळा होतो आणि पेडण्यात असतानाच्या महिन्यांचे भाडेही तिथे मांडून बसतो. ज्याला ही पुरवणी हवी त्याला दोन वाटा : ३१ ऑक्टोबरपर्यंत कागदी रिटर्न टपालाने पाठवणे, किंवा ही पुरवणी असलेले खासगी सॉफ्टवेअर घेणे. अशा सॉफ्टवेअरची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर असते. माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी पैसे मोजून ते घ्यावे. दुसऱ्या वर्षी निवासाची पुरवणी लागत नसेल तर सरकारी सोयीवर परत यावे. बँकेतून आपोआप पैसे कापत राहणारे वार्षिक वर्गणीचे प्रकार या ठिकाणी टाळावेत. पहिल्या वर्षाची गरज ही कायमची गरज नसते.

६ एप्रिल २०२५ पासून तिथे एक नवी सवलतही आली आहे. आधीची सलग दहा वर्षे ब्रिटनचा रहिवासी नसलेल्या नवागताला पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्नावरचा कर माफ करून घेता येतो. ऐकायला छान वाटते. पण ती मागितली की त्या वर्षाची १२,५७० पौंडांची वैयक्तिक करमुक्त मर्यादा जाते. पगार त्या मर्यादेच्या वर असेल आणि सगळे उत्पन्न मूळ २० टक्के दरात बसत असेल, तर मर्यादा गमावण्याची किंमत २,५१४ पौंड. गावाकडचे भाडे वर्षाला १२,५७० पौंडांहून कमी असेल तर सवलत मागून नुकसानच होते, कारण त्या भाड्यावरचा करच मुळी त्याहून कमी भरतो, आणि भारतात भरलेला कर त्यातून वजाही होतो. पेडण्यातल्या बहुतेक घरांचे भाडे या मर्यादेच्या आत असते. चांगले सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंचा हिशेब समोर ठेवते. नुसते ‘सवलत लागू करू का?’ म्हणून विचारणाऱ्याला चटकन ‘हो’ म्हणू नये.

इंग्लंडात स्वतःचा छोटा धंदा किंवा भाड्याचे घर केलेल्यांसाठी तर सॉफ्टवेअर आता सक्तीचे होत आहे. धंदा आणि भाडे मिळून ५०,००० पौंडांहून जास्त ढोबळ उत्पन्न असणाऱ्यांना एप्रिल २०२६ पासून दर तीन महिन्यांनी डिजिटल हिशेब पाठवावा लागेल. २०२७ मध्ये ही मर्यादा ३०,००० आणि २०२८ मध्ये २०,००० पौंडांवर येईल. यासाठी सरकार स्वतःचे सॉफ्टवेअर देणार नाही.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा, आणि चूक मात्र त्याच जातीची. विद्यार्थी व्हिसावर गेलेला मुलगा सामान्यतः पहिली पाच कॅलेंडर वर्षे करासाठी अनिवासी असतो आणि त्याने १०४०-एनआर हा फॉर्म भरायचा असतो. टर्बोटॅक्स हे तिथले घरोघरी पोचलेले सॉफ्टवेअर हा फॉर्म करतच नाही. त्यात भरले की मुलगा निवासी म्हणून नोंदला जातो. अनिवासींसाठी स्प्रिंटॅक्ससारखी वेगळी साधने आहेत आणि अनेक विद्यापीठे ती विद्यार्थ्यांना स्वतःच्या खर्चाने देतात, म्हणून आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारावे. भारतीय विद्यार्थ्याला आणखी एक हक्क आहे. भारत-अमेरिका करारातल्या २१ व्या अनुच्छेदामुळे त्याला अनिवासी असूनही प्रमाण वजावट घेता येते. सॉफ्टवेअरने देश विचारला नाही तर हा हक्क हातचा जातो. पुढे नोकरी लागून तो निवासी झाला आणि भारतातल्या म्युच्युअल फंडांत पैसे असले, तर ८६२१ हा फॉर्म लागू शकतो. घरगुती सॉफ्टवेअरांत तो सहसा नसतो. तिथे माणूसच गाठावा लागतो. ‘फुकट’ या शब्दाबद्दल एवढेच सांगतो की टर्बोटॅक्सच्या कंपनीने फुकट सेवेच्या जाहिरातींच्या वादात २०२२ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी समझोता करून १४.१ कोटी डॉलर मोजले.

गोव्याच्या जोडप्याला अमेरिकेत एक ओळखीची गोष्ट मात्र भेटेल. टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा नऊ राज्यांत नवरा-बायकोची संपत्ती समाईक धरली जाते, आणि दोघांनी वेगवेगळे रिटर्न भरले तर उत्पन्नाच्या वाटणीसाठी ८९५८ हा फॉर्म जोडावा लागतो. हा प्रकार तिथल्या लाखो घरांचा असल्याने सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना तो पाठ आहे. आपला शेड्यूल ५ए मात्र एका छोट्या राज्याचा आणि दोन जुन्या वसाहतींचा. म्हणून तो सुटतो. गिऱ्हाईक थोडे असले की त्यांचा प्रश्न प्रश्नावलीतून गळतो. त्याला उपाय एकच, प्रश्न आपल्याला ठाऊक असणे.

पैसे देण्यापूर्वी तपासायच्या आणखी काही गोष्टी आहेत. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर ‘कोणते फॉर्म करतो’ याचे पान असते. ते जाहिरातीच्या पानापेक्षा आधी वाचा. बहुतेक ठिकाणी आकडे भरेपर्यंत पैसे लागत नाहीत, पाठवतानाच लागतात. त्याचा फायदा घ्या : आपले खरे आकडे घालून बघा, कागदावर केलेल्या ढोबळ हिशेबाशी ताडा आणि फरक आला तर तो का आला हे कळेपर्यंत पाठवू नका. भरलेले रिटर्न पीडीएफमध्ये स्वतःजवळ उतरवून घेता येते का, वर्गणी संपल्यावर जुनी वर्षे दिसतात का, हेही बघा, कारण घराच्या कर्जासाठी किंवा व्हिसासाठी चार वर्षांपूर्वीचे रिटर्न मागितले जाते.

आणि भारतातले रिटर्न नुसते पाठवून संपत नाही, ते ३० दिवसांत पडताळावे लागते. त्याचा सोपा मार्ग म्हणजे आधारला जोडलेल्या भारतीय मोबाइलवर येणारा ओटीपी. परदेशी गेल्यावर ते सिम रिचार्जविना बंद पडते आणि सगळे तिथे अडते. बँकेच्या नेटबँकिंगमधून पडताळता येते, किंवा सही केलेली पावती बंगळुरूला टपालाने पाठवता येते, पण परदेशातून टपालाला दिवस लागतात. नावाचाही घोळ होतो. लिस्बनच्या नोंदी गोव्याच्या जुन्या जन्मदाखल्यांवरून होतात आणि त्यांत आडनावांची अक्षरे पोर्तुगीज वळणाची असतात, प्रभूचे पोरोब झालेले असते. पॅनवर एक नाव, नव्या पासपोर्टवर दुसरे, आणि कराच्या पावतीवर तिसरे अशी वेळ येऊ देऊ नये. सर्वांत आधी पॅनवरचे आणि बँकेतले नाव एक करून घ्यावे.

लग्नाआधी नोटरीसमोर वेगळ्या संपत्तीचा करार केला असेल तर समाईक संपत्ती नाही आणि कलम ५ए ही नाही. लग्न सीमेपलीकडे, बांद्याला, सावंतवाडीला किंवा दोडामार्गला लागले आणि नोंदणी महाराष्ट्रात झाली असेल, तर उत्तर सरळ ‘होय’ किंवा ‘नाही’ राहत नाही. अशा वेळी पेडण्याच्या, म्हापशाच्या किंवा डिचोलीच्या, गोव्यातली रिटर्न नेहमी भरणाऱ्या सीएकडे एकदा जाणे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा बरे. मालमत्ता गोव्याबाहेर असली म्हणून संहिता सुटते, असेही समजू नये : गोव्यात अधिवास असलेल्या माणसाच्या गोव्याबाहेरच्या, भारतातल्या मालमत्तेच्या वारसालाही हीच संहिता लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितले आहे. पुण्यातल्या फ्लॅटचा विचारही यात आला.

तुम्ही या वर्षी मोपाच्या विमानतळावरून निघणार असाल, तर निघण्याआधीची एक संध्याकाळ दोघांनी मिळून यासाठी काढा. दोघांचे पॅन, विवाह नोंदणीचा दाखला, लग्नाआधीचा करार असेल तर तो, घराचे आणि भाड्याचे कागद, टीडीएसच्या पावत्या, पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती असे सगळे एका फायलीत लावा आणि एक प्रत घरी ठेवा. भारतीय सिम वर्षभर चालू राहील इतके रिचार्ज करा. आणि मागे राहणाऱ्या जोडीदारालाही आयकराच्या पोर्टलवर स्वतःचे खाते उघडून द्या, कारण निम्मे रिटर्न तिचे किंवा त्याचे आहे.